गोदाक्काच्या मुठीतलं लिंबू

मंडळी, एक विचारतो — सल्ला फुकट असतो का हो? माना डोलवू नका, विचार करा! देणाऱ्याला फुकट, हे कबूल. पण घेणाऱ्याला? त्याला केवढ्याला पडतो? आज देवाच्या दारात बसून याचा निवाडा करू. टाळ जरा खाली ठेवा अन् ऐका.

विट्याला नरहरी माळवदे म्हणून मास्तर होते. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, मग निवृत्त झाले. माणूस सरळ, पण एक खोड — विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही! छत्री घ्यायची तरी चौघांना विचारणार. (हसता काय? तुमच्यातच बसलेत असे दोघं-तिघं, मला इथून दिसतायत!)

मास्तरांची बायको इंदुमती. तिचं माहेर आटपाडीच्या पलीकडं. तिथं तिची आई गोदाक्का, ऐंशीच्या घरातली. लेकीची लेकरं नोकरीला लागली, पण या माउलीनं लेकीचं घर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं! का? गाडी लागायची! एकदा निघाली होती एसटीनं. दुसऱ्याच थांब्यावर ओकून ओकून बेजार, तिथूनच माघारी गेली. पुन्हा नाव काढलं नाही.

निवृत्तीचे पैसे आले तशी इंदुमती म्हणाली, "अहो, एक लहानशी गाडी घ्या. आपली गाडी असली म्हणजे थांबत-थांबत आणता येईल आईला."

झालं! मास्तर निघाले सल्ला घ्यायला.

शेजारचे बबनराव म्हणाले, "डिझेलचीच घ्या! विकताना किंमत येते." — अहो, अजून घेतली नाही, तर विकायची घाई! मास्तरांनी विजेच्या गाडीचं नाव काढलं, तर गल्लीतले दामूअण्णा म्हणाले, "विजेची? वेडबिड लागलंय का? बॅटरी गेली की सोनं विकायची पाळी येईल!" भाचा ओंकार — हा मोबाईलवर रोज पैशाची व्याख्यानं ऐकणारा — तो म्हणाला, "मामा, शोरूमबाहेर काढली की गाडीची किंमत पडलीच. पैसे फंडात घाला, लागेल तेव्हा भाड्यानं गाडी करा."

बरं, यातलं कुणी खोटं बोलत होतं का? मुळीच नाही! ज्याचा-त्याचा हिशेब आपल्या जागी बरोबर. पण मास्तरांचं डोकं भणाणलं. "पुढच्या महिन्यात बघू." दिवाळी गेली. "नवी मॉडेलं येतायत म्हणे." संक्रांत गेली, पाडवा गेला. इंदुमती विषय काढायची थांबली. मंडळी, बायको कटकट करते तोवर बरं असतं — गप्प झाली की समजावं, आपलं काहीतरी चुकतंय!

उन्हाळ्यात निरोप आला, गोदाक्कानं अंथरूण धरलं. दोघं धावत गेली. ताप उतरला, पण म्हातारी पार खचली होती. लेकीचा हात धरून म्हणाली, "इंदे, समदं बघितलं गं. तुजं घर तेवढं बघायचं राहिलं."

इंदुमतीनं पदर तोंडाला लावला. मास्तर दारात उभे होते, त्यांना भडभडून आलं. अन् ज्या माणसाला विचारायचं, त्याला त्यांनी पहिल्यांदा विचारलं — "आई, गाडीत तुम्हाला नेमकं होतं तरी काय?"

"त्यो वास, जावईबापू! डिझेलचा भपकारा आला अन् ती घरघर सुरू झाली, की पोटात ढवळतंयच बघा."

घ्या! गावभर विचारून झालं, अन् उत्तर खाटेवर निजलेलं होतं!

मग मास्तर कुणाकडे गेले नाहीत. म्हातारपणाला लागेल ते बाजूला ठेवलं, अन् ऐपतीत बसेल अशी छोटी विजेची गाडी घेतली. दामूअण्णा कडाडले, "बॅटरीचं काय कराल?" मास्तर म्हणाले, "अण्णा, बॅटरी बदलता येते. सासूबाईंचं वय बदलता येत नाही."

आणि निघाली की हो गोदाक्का! मांडीवर पिशवी, मुठीत हुंगायला लिंबू, डोळे गच्च मिटलेले. मास्तर खड्डे चुकवत गाडी हाकतायत. इंदुमती सारखी मागं वळून बघतेय — आता उलटी होते की काय, आता "माघारी फिरा" म्हणते की काय! भिवघाट गेला. पुढं रस्त्यात मेंढरं आडवी आली, गाडी थांबली. तेवढ्यात मागून आवाज —

"जावईबापू, किती येळ बसवून ठेवताय? सुरू करा की गाडी!"

"आई, निम्मी वाट सरली!"

"अगं बया!" म्हातारीनं डोळे उघडले. डुलकी लागली होती तिला! आयुष्यात पहिल्यांदा गाडीत झोपली होती हो!

विट्यात दारापाशी इंदुमतीनं आईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. गोदाक्का आत आली. भिंतीला हात लावला, देवघर पाहिलं, स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहिले. मग खाली टेकली अन् मूठ उघडली. लिंबू तसंच!

"घे, सरबत कर," म्हणाली. इंदुमती हसायला लागली, अन् हसता हसता रडायला लागली.

तर मंडळी, निवाडा काय? सल्ला मास्तरांना जवळजवळ एका वर्षाला पडला. नशीब थोर, म्हातारीनं वाट पाहिली! मी काही विजेच्या गाड्या विकायला उभा नाही. ऐपत नसेल तर घेऊ नका, एसटी आहे, पाय आहेत. पण उद्या चौघांत बसून "ॲव्हरेज काय, हप्ता काय" विचाराल ना, त्याआधी घरात जा, अन् विचारा — कुणाला बसवायचंय? तुमच्या घरीही असेल कुणीतरी, मुठीत लिंबू धरून बसलेलं. देवाला थांबायची सवय आहे हो, तो थांबेल. म्हातारी माणसं कुठवर थांबतील? आज घरी गेलात की आधी त्यांच्यापाशी बसा. आता उचला टाळ, अन् गोदाक्काला ऐकू जाईल असं हरीचं नाव घ्या!