खोडलेली पाच उत्तरं

“मुलीला सारखं पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला लावू नका,” असं बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं. आज ती हुशार मुलांच्या खास वर्गाची परीक्षा देत होती आणि मी दाराबाहेर बाकावर बसले होते. शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेल्या एक बाई आणि एक तरुण सर त्या वर्गात आधीपासून असलेल्या मुलांच्या उत्तरपत्रिका बघत होते.

“बाई, हिला गाळू या. तीन वर्षं आपल्याकडे आहे, आता घसरली.”

“कुठं घसरली? अवघड सगळी बरोबर आहेत.”

“पण सोपी पाच चुकली. घाई, दुसरं काय!”

“नीट बघा की. आधी बरोबर लिहिलंय, मग खोडलंय. पाचही ठिकाणी.”

“अरेच्चा! एवढ्या जाड चष्म्यातून तुम्हालाच कसं दिसतं हो? पण मुद्दाम कशाला चुकेल?”

“नापास झालं की वर्ग सुटतो.”

“मग तोंडानं सांगावं ना, नको म्हणून!”

“सांगितलं असेल. घरी कोण ऐकतंय? मागे अशाच एका मुलाच्या कागदावर ‘निष्काळजी’ असा शेरा मारून मी मोकळी झाले. पुढं त्यानं बोलणंच सोडलं.”

“यादी दुपारी लावायचीय, बाई.”

“लागू दे उशिरा. राहायचं की नाही, ते तीच सांगेल. मी आत्ता तिच्याकडे जाते. तिच्या आईला नंतर बोलवा.”

माझ्या मुलीला मी हे कधी विचारलंच नव्हतं. तुमच्या घरात, शेजारात हुशार म्हणून कौतुक होणारं एखादं मूल असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. हे सगळं त्याला हवंय का, ते विचारा. उत्तर लगेच आलं नाही, तर उठू नका.