मन पलीकडं, अंग बोळात

मंथन: लिवून घे रचना. बेळगाव ते निपाणी, ह्या पट्ट्यात फ्रीरनिंग, म्हंजे भिंती-पत्र्यांवरनं उड्या मारत पळायचं, ते आणलं मी. आणि वडगावातला भरमाचा बोळ पत्र्यावरनं पार केलेला पयला माणूसबी मीच. बारा फूट.

बायाक्का: पार कुठं केलास? खाली बोळात भरमाच्या गाडीवर पडलास की.

रचना: आणि अण्णा, मी आत्ता त्याच बोळातनं आले. स्कूटी आडवी लावायलासुद्धा जागा नाही तिथं.

मंथन: खालनं तसंच दिसतंय. वर जाऊन बघ एकदा.

रचना: बरं. कॉलेजच्या अंकाला सुरुवातीपासनं हवंय. पहिली उडी कुठली?

मंथन: उद्यमबागेत. फौंड्रीत होतो. उशीर झाला की गेट बंद, मग भिंतीवरनं. पयल्याच दिवशी मॅनेजरच्या डब्यात उतरलो. जेवत होते ते.

रचना: काढून टाकलं?

मंथन: टाकलं. पर दोन्ही पायांवर उतरलो होतो, ते कुणी बघितलं न्हाय. मग कार्यक्रम मिळाय लागले. निपाणीला एका दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलं. फितीवरनं उडी मारून आत गेलो.

बायाक्का: कापायच्या आदी. पावणे कात्री घिऊन बाहेर हुबे.

रचना: तुमचं तत्त्वज्ञान काय, अण्णा? सगळे म्हणतात तुमचं तत्त्वज्ञान आहे.

मंथन: हाय. भिंत ही वाटच असती, फक्त उभी केलेली. आणि उडी पायानं मारत न्हाईत. आधी मन पलीकडं टाकायचं. अंग मागनं येतंय.

बायाक्का: त्येच मी डाक्टरला सांगत हुते. बोळात पडून पाय मोडला त्येला तीन महिनं झालं, पोरी. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, एक्स-रे झकास. पर पाऊल टाकाय जातोय तर पाय उचलतच न्हाय. खाटंवरनं मोरीपतुर मी धरून न्हेते. आत्या हाय मी, आई न्हाय. साडीचे दोन माग चालवायचे का ह्येला चालवायचं?

मंथन: पायाला सवय ऱ्हायली न्हाय, एवढंच.

बायाक्का: सवय न्हवं. आता करंट जाऊ दे, मग कळंल हिला.

(करंट जातो. घरातले आणि गल्लीतले माग एकदम थांबतात.)

रचना: वर पत्र्यावर कोण आहे?

बायाक्का: कोण न्हाय. ऐक नुसतं.

रचना: पळतंय कुणीतरी. मांजर असेल.

मंथन: मांजर इतकं मोजून पळत न्हाय. चार पावलं बारीक, पाचवं लांब, आणि उडी. माझी चाल हाय ती.

रचना: तुम्ही तर इथं खाटेवर आहात.

मंथन: व्हय. त्येचाच राग येतोय. माझ्यापेक्षा हलकं पळतंय.

रचना: आता थांबलं. उतरल्याचा आवाज नाही आला.

मंथन: तीन महिन्यांत एकदाबी आला न्हाय. पुन्यांदा सुरुवातीपासनं पळतंय.

बायाक्का: ह्येनं मन पलीकडं टाकलं, अंग बोळात पडलं. ते वरच फिरतंय, मग पाय कशाच्या जिवावर उचलंल? मी दहीभात केलाय. वर जाऊन नाव घिऊन हाक मारते, घरला घिऊन येते. तू हितं ह्येच्याजवळ बस. फोन चालू ठेव.

रचना: आणि ते आलं तर?

बायाक्का: मागनं येतंय. फकस्त वळून बघायचं न्हाय. बघितलं की परत जातंय, मग कायमचंच.

मंथन: आक्का, शिडीची तिसरी पायरी सैल हाय.

बायाक्का: तुला ठावं हाय आणि अजून ठोकली न्हाईस.

रचना: गेल्या. अण्णा, तुमचा यावर विश्वास आहे?

मंथन: न्हाय. फोनचा आवाज वाढीव.

बायाक्का: हॅलो. चढले. भात ठेवला. मंथन्या, चल रं घरला. चल, लई खेळलास.

रचना: काकू? काय झालं?

बायाक्का: आलं. पाठीमागं हुबं हाय. मानंवर गार लागतंय.

मंथन: मग ये खाली.

बायाक्का: कशी? शिडीबी पाठीमागंच हाय.

मंथन: तोंड कुणीकडं करून हाक मारलीस तू?

बायाक्का: बोळाकडं. तू पडलास तिकडंच बघून मारायची की हाक.

रचना: वळू नका काकू. तशाच उलट्या पावली मागं या.

बायाक्का: एक पाऊल आले. त्येला लागले. ते सरकंना झालंय. आता हळूहळू फुडं ढकलाय लागलंय मला.

मंथन: ढकलत न्हाय ते. उडीसाठी धाव घेतंय. फुडं पत्रा किती हाय?

बायाक्का: दोन हात. मग बोळ.

मंथन: लुगडं खोच. चार पावलं बारीक टाकाय जागा न्हाय, जागच्या जागी टाक. पाचवं लांब. नजर पलीकडं भरमाच्या घरावरल्या टाकीवर.

रचना: अण्णा, साठीच्या आहेत त्या. बारा फूट आहे.

मंथन: साडेचार हाय. मापलाय मी टेप लावून.

रचना: काय?

मंथन: नंतर सांगतो. आक्का, आधी मन पलीकडं टाक.

बायाक्का: टाकलं. गेलं. मी हितंच हाय.

मंथन: मग जा त्येच्या मागनं.

रचना: पळाल्या. चार, पाच. अण्णा, ही एका माणसाची पावलं नाहीत.

मंथन: ऐकतोय मी.

रचना: उतरल्या. धप्प, धप्प. दोनदा. आणि हा तिसरा कसला आवाज?

बायाक्का: हॅलो. पोचले. मग पत्रा फुटला. मी भरमाच्या मागावर बसलीया. निम्मी साडी विणलेली हुती, आता न्हाय.

मंथन: लागलं काय तुला?

बायाक्का: न्हाय. तेबी संगट पडलं. माझ्याआदी उठलं, धूळ झाडली आणि दारातनं गेलं. पाठमोरं दिसलं. केस कापाय झाल्यात तुझं.

मंथन: कुणीकडं गेलं?

बायाक्का: घराकडंच वळलं.

रचना: अण्णा, दार वाजतंय. मी उघडणार नाही.

मंथन: बस तू. मी बघतो.

रचना: अण्णा.

मंथन: कोणबी न्हाय गं भाईर. मोकळा हाय बोळ.

रचना: अण्णा, तुम्ही चालत गेलात.

बायाक्का: हॅलो. काय म्हणतीया ती? चालला?

मंथन: व्हय आक्का. खाटंपासनं दारापतुर.

बायाक्का: आता कुठं हैस?

मंथन: दाराच्या भाईर, आडवा. उंबऱ्याला अडखळलो. मनगट मोडलंय वाटतं.