पाळीनंतरचे चार दिवस

सिस्टर : घाई नाही. शेवटची पाळी कधी आली होती, ते पुन्हा सांगा.

शिवणवाली : दोन तारखेला. सोमवार होता. कारखान्यात त्या दिवशी शर्टांच्या बाह्यांचं काम आलं, म्हणून लक्षात आहे. पाच दिवस चालली.

सिस्टर : आणि मिस्टर घरी कधी होते?

शिवणवाली : सहाला आले. दहाला उजाडायच्या आत ट्रक घेऊन गेले. चारच दिवस होते.

सिस्टर : मग सगळं जुळतंय की. अडचण कुठे आहे?

शिवणवाली : अडचण बाहेर बाकावर बसलीय.

सिस्टर : बोलवू का त्यांना?

शिवणवाली : बोलवा. माझं सांगून झालंय. आता तुम्हीच सांगा.

(ड्रायव्हर आत येऊन दारापाशीच उभा राहतो.)

सिस्टर : बसा ना.

ड्रायव्हर : उभाच बरा आहे. सिस्टर, रिपोर्टवर सात आठवडे लिहिलंय. सात आठवड्यांपूर्वी मी घरापासून दोन दिवसांच्या रस्त्यावर होतो. कुणालाही विचारा.

सिस्टर : विचारायची गरज नाही. त्या दिवशी गर्भ नव्हताच.

ड्रायव्हर : मग सात कसे?

सिस्टर : आठवडे आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. सगळ्याच बायकांचे. गर्भ त्यानंतर राहतो.

ड्रायव्हर : बरं, तसं धरू. पण मी आलो तेव्हा हिची पाळी नुकती संपत होती. त्या दिवसांत राहत नाही. लग्न झाल्यापासून आम्ही तेच दिवस धरून चालतोय.

सिस्टर : इतकी वर्षं निभावलं, एवढंच. बाई, तुमची पाळी किती दिवसांनी येते?

शिवणवाली : बावीस, तेवीस.

सिस्टर : ऐका. बाईच्या पोटात अंडं सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. तेविसातून चौदा गेले, राहिले नऊ. नववा दिवस, तोही मागेपुढे होतो. आणि पुरुषाचे शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. तुम्ही पाचव्या दिवसापासून आठव्यापर्यंत घरी होता.

ड्रायव्हर : पाच दिवस राहतात?

सिस्टर : राहू शकतात. पाळी लवकर येणाऱ्या बाईला तर ते दिवस जोखमीचेच. नुसतं बोटांवर मोजून खात्री देता येत नाही कुणालाच.

ड्रायव्हर : हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही.

सिस्टर : विचारलं होतंत कुणाला?

ड्रायव्हर : आईला विचारलं. या वेळी. ती म्हणाली, शक्यच नाही.

शिवणवाली : मग माझ्या भावाला फोन केला यांनी.

ड्रायव्हर : आत्ता करतो परत. सांगतो त्याला, माझी चूक झाली.

शिवणवाली : त्याने मला विचारलं, कोण आहे तो. सख्ख्या भावाने.

ड्रायव्हर : चुकलं माझं. ऐकतेस ना? काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर.

शिवणवाली : काय बोलू?

सिस्टर : रडावंसं वाटलं तर रडा, बाई. इथे चालतं.

शिवणवाली : येत नाही. आठ दिवस झाले. परवा मशीनची सुई बोटात गेली. शेजारची ओरडली, तेव्हा मी खाली बघितलं.

सिस्टर : हे डॉक्टरांना सांगू आपण. आणि मूल ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आजच ठरवायला हवं असं नाही.

ड्रायव्हर : ठेवायचंच. आपलंच तर आहे.

शिवणवाली : मला ते पहिल्यापासून माहीत होतं.

ड्रायव्हर : तू बस इथे. मी गाडी बघून आणतो दारापर्यंत. मग घरी जाऊ.

शिवणवाली : आणा.

सिस्टर : गेले ते. तुम्हाला खरंच जायचंय त्यांच्याबरोबर?

शिवणवाली : घरी मुलगी आहे, बारा वर्षांची. आजीने तिला काय काय सांगितलंय. आठ दिवस माझ्याकडे बघत नाहीये ती.

सिस्टर : तिला घेऊन या इकडे. मी समजावते.

शिवणवाली : नको, मीच सांगेन. फक्त ते पुन्हा एकदा सांगा, सिस्टर. तेविसातून किती वजा करायचे?