हणमंतरावांचा ऑइल कूलर

...नाही हो, दोन महिने लागले म्हणून हसू नका कुणी! तुम्हाला सांगतो, पोरीला स्थळ बघताना माणूस घराणं बघतो, नोकरी बघतो आणि मोकळा होतो... इथे हणमंतरावांना ऑइल कूलर बघायचा होता! डिझेलच्या गाडीला! टोचनगाडीला! आणि तोही लखनऊच्या मे महिन्यात, कानपूर रोडवर, जिथे डांबर चपलेला धरून ठेवतं आणि दुपारची लू, म्हणजे भाजणारा वारा, सुटली की सायकलरिक्षावाला सवारी सोडून रिक्षाखाली झोपतो!

आधी माणूस सांगतो, मग गाडी. हणमंतराव जगदाळे, मूळचे खटाव तालुक्यातले, हवाई दलात गाड्या सांभाळण्यात उमर गेली, एक्क्याण्णव साली रिटायर झाले. लोक रिटायर होऊन गावी जातात, विहीर खणतात, भावकीशी भांडतात. हे लखनऊच्या सरोजिनी नगरात राहिले आणि लिलावातला एक म्हातारा ट्रक घेऊन बसले. आठ महिने अंगणात इंजिन उघडून... एकेक नट स्वतःच्या हाताने धुतलेला, बरं का! मागे क्रेनचा दांडा बसवला आणि झाली टोचनगाडी. रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकाचं नाक उचलायचं आणि ओढत आणायचं. उन्नावपासून बाराबंकीपर्यंत कुणाचाही ट्रक बसला की निरोप यायचा, "जगदाले साहब को बुलाओ!"

दोन वर्षं सगळं झकास चाललं. का? कारण तेल किती तापतं ते कळायला गाडीत काटाच नव्हता!

आणि कुठून बुद्धी झाली कुणास ठाऊक, चौऱ्याण्णवच्या एप्रिलात भंगारबाजारातून तेलाच्या तापमानाचा एक काटा आणला आणि डॅशबोर्डावर बसवला. रिकामी गाडी फिरवली. काटा नव्वदवर. छान! दुसऱ्या दिवशी भरलेला ट्रक टोचनला घेतला, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन ओरडतंय, वारा नाही... शंभर. एकशे दहा. एकशे वीस! हणमंतरावांनी काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा चढतोच आहे! एकशे तीसला त्यांनी गाडी कडुनिंबाखाली लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. कारण तेल एवढं तापलं की पाण्यासारखं पातळ होतं, दाब बसतो, मग बेअरिंग जातं, आणि मागोमाग जातं ते आठ महिने धुतलेलं इंजिन!

घरी येऊन यमुनाबाईंना सांगितलं. त्या वांगी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, दोन वर्षं काटा नव्हता तेव्हा गाडी चालत होती ना? मग काटा काढून टाका!"

पण एकदा बघितलेला आकडा विसरता येतो का, तुम्हीच सांगा!

झालं, कूलरचा शोध सुरू. ऑइल कूलर म्हणजे काय, तर इंजिनातलं तापलेलं तेल नळीने बाहेर काढायचं, जाळीतून फिरवायचं, वाऱ्याने निववायचं आणि परत इंजिनात सोडायचं. एवढंच! पण कुठला घ्यायचा? गॅरेजवाल्या शकूर मिस्त्रींना विचारलं. ते तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून म्हणाले, "साहब, सबसे बड़ा लीजिए, रेडिएटर के आगे ठोंकिए, क़िस्सा ख़तम." एवढं सोपं? हणमंतरावांना एवढ्या सोप्यावर विश्वास कसा बसावा? लाटूश रोडला रस्तोगींच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. रस्तोगी म्हणजे अदबीचा पुतळा. पाणी, पंखा, "हुज़ूर, तशरीफ़ रखिए." आणि तीन कूलर समोर मांडले.

पहिला नळीवाला, पितळेचा, जुन्या मोठ्या गाडीचा काढलेला. वजनदार, चकचकीत! हणमंतरावांनी आत बोट घालून फिरवलं, बाहेर काढलं, उन्हात धरलं... बोटावर चमचम! "यह जिस इंजन से निकला, वो बैठ गया था ना?" रस्तोगी खालच्या आवाजात म्हणाले, "अल्लाह को प्यारा हो गया था, हुज़ूर." बघा! मेलेल्या इंजिनाचा चुरा जाळीत बसलेला, तो आपल्या इंजिनात सोडायचा? ठेवा बाजूला!

दुसरा जाळीवाला, अॅल्युमिनियमचा, दाराएवढा. तिसरा छोटा, पण पाठीवर स्वतःचा विजेचा पंखा. हणमंतरावांनी हवाई दलाच्या सवयीने वही काढली. "तेल कितने डिग्री उतारता है?"

रस्तोगींनी चष्मा काढला. "हुज़ूर... ठंडा करता है."

"कितना?"

"अच्छा-ख़ासा."

वहीत काय लिहायचं हो, अच्छा-ख़ासा?

मोठा रेडिएटरपुढे लावावा, तर रेडिएटरला वारा कोण देणार? छोटा बाजूला लावावा, तर पंखा बंद पडला म्हणजे? आठवडे गेले. हणमंतराव जेवताना ताटात भाकरीची जाळी करून बघायचे. त्यांची मुलगी ऋचा कॉलेजात होती, मराठी सगळं कळायचं पण बोलायची हिंदीत, ती म्हणाली, "पापा, कोई भी ले लो ना, यार!" आणि दर फेरीला काटा चढतोच आहे! शेवटी रस्तोगींनीच हात जोडले, "दोनों ले जाइए, जो न जँचे लौटा दीजिए." दोन्ही आले. आणि हणमंतराव थकले हो! माणूस दमला की मोठ्या वस्तूकडे झुकतो. शकूर मिस्त्रींनी दाराएवढा जाळीवाला रेडिएटरपुढे ठोकला. नळ्या हव्या त्याच्या दुप्पट लांब ठेवल्या, वेटोळं करून तारेने बांधल्या. का? "काटेंगे तो छोटी पड़ जाएगी, साहब. लंबी किसको काटती है?"

दुसऱ्या दिवशी, जूनमध्ये, भर दुपारी, हणमंतराव टोचनगाडी घेऊनच पंखेवाला परत करायला निघाले. यमुनाबाई सोबत. त्यांना अलीगंजला मीनाक्षीकडे, म्हणजे स्वतःच्या बहिणीकडे, ओटीला जायचं होतं, म्हणून हिरवी नारायणपेठ नेसलेल्या, मांडीवर तो पंखेवाला कूलर वर्तमानपत्रात गुंडाळून धरलेला. तोच समोरचा पीसीओवाला पळत आला, "साहब! मलिहाबाद वाले का फ़ोन है, रो रहा है!"

खरंच रडत होता. नफीस मियाँ, साठीचा माणूस, मलिहाबादचा बागवाला. जन्मभर आंबा आडत्याला दिला. यंदा पहिल्यांदा स्वतःच्या नावाने दशहरीच्या पेट्या विमानाने दिल्लीला आणि तिथून समुद्रापार पाठवत होता. घेणारा म्हणालेला, हा एक ट्रक वेळेवर आला तर पुढची सगळी बाग तुझ्याकडून घेईन, नाहीतर तू आणि तुझा आडत्या. अमौसी विमानतळावर माल घ्यायची खिडकी पाचला बंद! आणि ट्रक काकोरीपाशी गिअरबॉक्स फुटून पडलेला. दुसरी गाडी? आंब्याच्या मोसमात मलिहाबादेत रिकामी गाडी मिळते का?

यमुनाबाई म्हणाल्या, "चला. मीनाक्षी काय, उद्याही आहे."

काकोरीला पोहोचेपर्यंत दीड वाजला. नाक उचललं, साखळ्या आवळल्या, नफीस मियाँ केबिनमध्ये यमुनाबाईंच्या पलीकडे अंग चोरून बसले. निघाले! दुसरा गिअर. हणमंतरावांचे डोळे रस्त्यावर कमी, काट्यावर जास्त. पंचाण्णव. शंभर... आणि थांबला! तुम्हाला सांगतो, शंभरवर खिळा मारल्यासारखा थांबला! हणमंतराव हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले! "बघितलंस? बघितलंस का? मोठाच पाहिजे होता!"

यमुनाबाई म्हणाल्या, "तो नव्हे. त्याच्या शेजारचा बघा."

शेजारचा म्हणजे पाण्याचा! ज्याच्याकडे इतकी वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही तो! नव्वद... पंचाण्णव... काटा चढतोच आहे! कारण उघड आहे हो, दाराएवढी जाळी रेडिएटरच्या तोंडावर, वारा येणार कुठून, आणि आला तो तेलाच्या गरमीने भाजलेला! तेल गार, पाणी उकळतंय! एका पोराला सर्दीचं औषध दिलं आणि दुसऱ्याला ताप आला!

दुबग्ग्याच्या अलीकडे बॉनेटमधून फुसकारा आला. गाडी कडेला. तीनला पाच कमी. मागे ट्रकात आंबे, वर पंचेचाळीस अंश, पेट्यांतून गोड वास सुटायला लागलेला... नफीस मियाँ त्या वासाने पांढरे पडले, कारण तो वास उद्या यायला हवा होता, आज नाही! ते खाली उतरले आणि घाईघाईत गमछा गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला गेले.

"हाथ हटाओ!!"

हणमंतराव असे ओरडले की पलीकडचा ऊसरसवाला चरक सोडून उभा राहिला. त्यांनी म्हाताऱ्याला खांद्याला धरून मागे ओढला. झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी थेट तोंडावर! नफीस मियाँ जमिनीवर बसले. "मेरी वजह से आपकी गाड़ी भी जाएगी," म्हणाले. "छोड़ दीजिए, साहब. आम ही तो हैं."

तुम्हाला सांगतो, इकडे आड, तिकडे विहीर! पुढे गेलं तर इंजिन जाणार. जाळी काढून टाकावी तर तेल तापणार, म्हणजे इंजिनच जाणार. थांबावं तर या माणसाची बाग जाणार. वही खिशात होती. त्यात दोन महिन्यांचे आकडे होते. ती काढली नाही त्यांनी. बायकोच्या मांडीकडे बघितलं.

"दे तो इकडे."

"कुठे लावणार?"

"केबिनच्या मागे, कुशीला. तिथे रेडिएटरच्या वाटेत येत नाही, आणि पंखा आहे, वाऱ्याची भीक नको. नळ्या पुरतात, त्या शकूरने लांब ठेवल्यात, देव त्याचं भलं करो!"

आणि मग काय, पळापळ! नफीस मियाँ बादलीने पाणी आणून रेडिएटरच्या बाहेरून ओततायत, ऊसरसवाल्याने स्वतःच्या बर्फाचं फडकं दिलं, यमुनाबाई पदर खोचून पाने हातात देतायत, "हा? की हा?" हणमंतराव नळीचा नट सोडवतायत... आणि नळीतलं तेल भसकन तळहातावर आलं! शंभर अंशांचं! पण हणमंतरावांनी हातातला नट सोडला नाही, कारण सोडला असता तर सगळं तेल मातीत. यमुनाबाईंना दिसलं. त्यांनी ते बर्फाचं फडकं त्यांच्या मुठीत कोंबलं आणि दुसरी नळी स्वतः धरली. हिरव्या नारायणपेठेवर काळं तेल! दाराएवढी जाळी रेडिएटरपुढून काढून मागे टाकली, पंखेवाला कूलर क्रेनच्या चौकटीला बोल्टने आणि उरलेला आंब्याच्या पेटीच्या सुतळीने आवळला, पंख्याची वायर मागच्या दिव्याला जोडली, कॅनमधलं तेल भरलं, पाणी निवल्यावर हळूच झाकण उघडून पाणी भरलं. पावणेचार!

इंजिन सुरू. पंखा... फिरेना. यमुनाबाईंनी केबिनच्या मागच्या खिडकीतून हात काढून त्याला एक चापट मारली. भर्रर्र!

मग आलमबागची गर्दी! टेम्पो, सायकली, म्हशी, आणि मध्येच एक जण हात दाखवून विचारतोय, "भैया, अमौसी जा रहे हैं क्या?" हणमंतराव एका हाताने गाडी हाकतायत, यमुनाबाई मोठ्याने आकडे वाचतायत. "तेल एकशे दोन. पाणी अठ्ठ्याऐंशी. तेल एकशे पाच... अहो, चढतोय! एकशे आठ... चढतोय!... एकशे आठ. एकशे आठच. एकशे सात." नफीस मियाँ डोळे मिटून ओठ हलवतायत. कुणाला कळत नव्हतं त्यांची दुआ आंब्यासाठी आहे की तेलासाठी!

पाचला आठ मिनिटं कमी असताना गाडी अमौसीच्या फाटकात शिरली. खिडकीतला माणूस कुलूप हातात घेऊन उभा. त्याने एक पेटी उघडायला लावली, आंबा दाबला, वास घेतला, पुन्हा दाबला... आणि रजिस्टर ओढलं. गेला माल! सगळा गेला!

 नफीस मियाँनी हणमंतरावांचा तो भाजलेला हात दोन्ही हातांत धरला आणि लहान पोराच्या हातावर घालतात तशी फुंकर घालत राहिले. हणमंतराव म्हणाले, "अरे, ठीक है, ठीक है," आणि तोंड फिरवून इंजिनाकडे बघत बसले. दोन महिने वही लिहून जे ठरेना, ते दुबग्ग्याच्या धुळीत एका श्वासात ठरलं. यमुनाबाई साडीचा काठ बघून म्हणाल्या, "डाग जाणार नाही." पण त्या चिडल्या नव्हत्या हो. परत येताना दोघांनी काट्यांकडे बघितलंही नाही.

इथे संपायला हवं होतं ना? पण नफीस मियाँ कृतज्ञ माणूस! त्यांनी मलिहाबादपासून आलमबागपर्यंत प्रत्येक दुकानात थांबून सांगितलं, "जगदाले साहब जैसा कूलर का जानकार पूरे लखनऊ में नहीं!"

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता फाटकावर धाड धाड. हणमंतराव हाताला पट्टी बांधून बाहेर आले. बाहेर सात माणसं. एकाच्या हातगाडीवर, दुसऱ्याच्या रिक्षात, तिसऱ्याच्या डोक्यावर... घरातले कूलर! खोलीत लावतात ते, पत्र्याचे, वाळ्याचे! एकाचा पंप पाणी उचलेना, एकाचा पंखा घरघरतोय, एकाचा शॉक देतोय.

हणमंतराव म्हणाले, "भाईसाहब, मैं इंजन के तेल वाला..."

"हाँ हाँ, साहब," पहिला अदबीने म्हणाला, "तेल भी डाल दीजिएगा, बहुत आवाज़ करता है."

हणमंतरावांनी एकदा आकाशाकडे बघितलं, एकदा त्या सात कूलरांकडे, आणि घरात तोंड करून म्हणाले, "अगं, स्क्रू ड्रायव्हर दे बाहेर... आणि चहा जरा जास्त टाक."