हर्णैची सुरमई आणि शालूचे उपवास

(हडपसर, जानेवारी २००६. वावर आयटी पार्कला गेलं, त्यानंतर बांधलेल्या बंगल्याचा हॉल. बजरंग, त्याची बायको शालू आणि सॉफ्टवेअर कंपनीतला मुलगा विश्वजीत. मुलगी ऋतुजा क्लासला गेली आहे. एवढ्या मोठ्या सोफ्यावर बसायची सवय अजून कुणालाच झालेली नाही.)

विश्वजीत : ...आणि शनिवारी रात्री परत. गुरुवारी सव्वीस जानेवारी, शुक्रवारची लीव्ह अप्रूव्ह झालीय. रविवारी माझी सपोर्टची ड्युटी असते. कॉटेज हर्णै बंदरासमोरच आहे, बाल्कनीतून माशांचा लिलाव दिसतो.

बजरंग : लिलाव बघून पोट भरतंय व्हय? खायला काय?

विश्वजीत : सुरमई, पापलेट, कोळंबी. सकाळी सांगायचं, तिथल्या काकू दुपारी ताटात आणून देतात.

बजरंग : मग सुरमई तळलेली सांग. आन कालवण येगळं.

शालू : आन मला?

विश्वजीत : तुझं सोपं आहे, आई. साबुदाण्याच्या खिचडीचं बोललोय मी.

शालू : तिन्ही दिस?

विश्वजीत : गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही तुझे उपवास. आता सुट्ट्याच तशा आल्या, मी काय करू?

शालू : माझे उपास?

बजरंग : मग कुनाचे? आमी कुनी धर म्हनलं न्हाई तुला.

शालू : गुरुवार कशापायी धरलाय, सांगा की पोराला.

बजरंग : आता ते कशाला उकरून काढती?

शालू : जमीन इकली आन निम्मं गाव तुमचं दोस्त झालं. रोज ढाब्यावर बैठक. तुमची बाटली सुटावी म्हनून धरला. शुक्रवार ऋतुजाचा, तिचा तो इंजिनेरिंगच्या गणिताचा पेपर, एम-थ्री का काय, सुटावा म्हनून. आन शनिवार ह्याचा, नोकरीसाठी.

विश्वजीत : एक मिनिट. मी इंटरव्ह्यू क्रॅक करून लागलोय, आई. मेरिटवर. त्यात शनिवारचा काय संबंध?

शालू : मग बरंच झालं. सोडते.

विश्वजीत : काय सोडतेस?

शालू : शनिवार. तुझा तू लागलास, मी कशाला उपाशी ऱ्हाऊ? माझी बी सुरमई सांग.

विश्वजीत : सोड ना. मी तर कधीपासून सांगतोय, ह्याला काही लॉजिक नाही. फक्त...

शालू : फकस्त काय?

विश्वजीत : आत्ता लगेच नको. पुढच्या महिन्यात व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे. तेवढा होऊ दे.

शालू : व्हिसावाला सायेब शनिवार बघतो व्हय?

विश्वजीत : तसं नाही गं. पण उगाच रिस्क कशाला घ्यायची?

बजरंग : बघ, कंप्युटर शिकलेला मानूस.

शालू : तुमी हसू नका. मी गुरुवारपासून सुरवात करनार हाय.

बजरंग : गुरुवारचं येगळं हाय.

शालू : काय येगळं हाय?

बजरंग : सुटलीया ना ती? मग आता हलवू नगंस. तिथं समुद्रावर समदे घेऊन बसलेले असतेत. माझा तोल गेला तर?

शालू : म्हंजी चटक तुमच्या जिभेला, आन उपाशी माझी जीभ.

बजरंग : देवाला सवय झालीया तुझ्या उपासाची.

शालू : देवाला का तुमाला?

विश्वजीत : आई, ऐक. आपण तुझ्यासाठी सुरमई थर्मोकोलच्या बॉक्समध्ये बर्फ घालून आणू. तू रविवारी घरी खा.

शालू : आन करनार कोन?

विश्वजीत : तुझ्या हातची चव कुणाला येते का?

शालू : विश्वा, तू पोटात हुतास तवा मार्केट यार्डाचा कांदा दापोलीला पोचवायचा हुता. ह्यांनी मला टेम्पोत बसवून नेलं, तिथनं हर्णैला. एका कोळनीनं मला पाटावर बसवलं, पोटुशी हाय म्हनून एकेक काटा काढून वाढलं. त्येच्यानंतर आजपत्तुर मला कुनी बसवून वाढलं न्हाई. लई मन हुतं रं माझं तिथं जायचं.

बजरंग : ते समदं खरं. पर धरलेलं असं मधीच मोडतेत व्हय?

शालू : मोडायचं कशाला? ज्याचं त्याला द्यायचं. गुरुवार तुमी धरा. शुक्रवार ऋतुजा धरंल. शनिवार तुझा, विश्वा.

विश्वजीत : म्हणजे बंदरासमोर बसून मी खिचडी खायची?

शालू : रिस्क घ्यायची नसंल तर खा.

बजरंग : शालू, मला उपास सोसत न्हाई, ठाव हाय तुला.

शालू : मला सोसतो का, ते कधी इचारलं हुतं?

विश्वजीत : ...काकूंना फोन करू मग? काय सांगू?

शालू : सांग की, एक बाई जेवायला येतीया. बाकीची नुसती सोबतीला हायेत.