शर्लीचं हेवी लायसन्स

अरे, माझ्या भाचीचं, शर्लीचं, काल हेवी लायसन्स आलं! पण खरी गंमत तिच्या आईची, म्हणजे माझ्या बहिणीची. बारावीनंतर शर्ली म्हणाली, "मला ट्रक चालवायचाय." झालं, रोझीचा मला फोन, "दादा, हिचं खूळ घालव."

माझा मित्र बाळू ट्रक चालवतो. त्याला म्हटलं, रोझीच्या गावी, निर्मळला ये आणि पोरीला या धंद्यातले हाल सांग. उन्हात ताटकळणं, वाटेत पंक्चर, आठवडाभर घर नाही, त्याने सगळं खरं सांगितलं. वर म्हणाला, "आधी हलक्या गाडीचं लायसन्स काढ, वर्षभर चालव, मग हेवीचं बघ. आणि रिव्हर्स नीट शिक, पुढे काय कोणीही नेतं."

रोझी बाळूवर भडकली. "भाऊ, तुम्ही तिला घाबरवायला आलात ना?"

"ताई, तुम्ही एकदा वर बसून तर बघा."

तणतणतच ती मैदानात उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये चढली. बाळूने मैदानाला एक फेरी मारली, गाडी थांबवली, तरी ही उतरेना! वरूनच ओरडली, "दादा, भिंतीपलीकडची सगळी केळीची वाडी दिसतेय रे!"

"अगं, पण शर्लीला समजवायचं होतं ना?"

"तिला कशाला? तिच्या पप्पांना समजवायचंय. जा, घेऊन ये त्यांना, मी इथेच बसलेय!"