ड्रमला चाक कुठंय?

...आणि वर तो मोबाइलवर ड्रम शिकवणारा गुरुजी हसून सांगतो, 'पाय मोकळा सोडा!' अहो, मोकळा सोडायला तो आधी ताब्यात तर हवा!

तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस. तीस वर्षं पायमशीन चालवतोय. एकदा पाय पडला की धाड धाड धाड सुरू, आणि थांबायचं असलं की उजवा हात चाकावर ठेवायचा, मशीन थांबतं, पाय थांबतो. हाडात मुरलंय ते! आता मला सांगा, ड्रमला चाक कुठंय?

या फंदात पडलो कशाला? बायकोसाठी! शाळेत गणित शिकवायची. निवृत्तीच्या आधी मला म्हणते, 'अहो, निरोप समारंभात मी गाणार आहे. जन्मभर ओट्यापाशीच गायले, एकदा तरी माइकसमोर गाऊ दे मला.' डोळे भरून आले हो तिचे! आणि मी, भरीला पडलेला माणूस, बोलून बसलो, 'गा तू, ड्रम मी वाजवतो!' जन्मात मोजपट्टीशिवाय हातात काठी धरली नव्हती मी!

जुना सेट आणला, दुकानात मशीनशेजारी मांडला. दोन महिन्यांत हात बसले, खोटं नाही सांगत. पण पाय! खालचा तो मोठा ड्रम पायानं वाजवायचा असतो ना, तो एकदा सुरू झाला की धप धप धप धप... गाणं संपलं तरी शिवण चालूच! वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मास्कसकट खाली आले. 'मास्तर, पेशंट तोंड उघडं ठेवून पळाला माझा!' म्हटलं, 'डॉक्टर, मी कधीच थांबलोय हो, पाय थांबत नाहीये... ड्रमला चाक कुठंय?'

समारंभाचा दिवस उजाडला. शाळेचा हॉल गच्च. बायको माइकपाशी गेली, माझ्याकडे बघितलं, आणि गायली... काय गायली म्हणून सांगू! गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि माझा पाय? धप धप धप! घाबरलो ना मी! सवयीनं उजवा हात गेला चाकावर... आणि तिथं चाकाच्या जागी ड्रमसेटची पितळी थाळी! झण्णऽऽ! बायकोला वाटलं, हे म्हणतायत पुन्हा घे. घेतलं तिनं पुन्हा! संपलं. धप धप... हात गेला... झण्णऽऽ! तिसऱ्यांदा! लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, आणि मला घाम फुटलाय, कारण ड्रमला चाक कुठंय?

शेवटी ती आली, हसतच आली, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. घट्ट. थांबला हो पाय! कानाशी म्हणाली, 'एकदा गायला मिळालं असतं तरी पुरे होतं. तुमच्यामुळं तीनदा गायले.' काय वाटलं असेल मला, सांगा! छाती अशी फुगली, शर्टाची शिवण उसवायची वेळ आली.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई आल्या. मी कौतुक ऐकायला मान वर केली. बाई म्हणाल्या, 'वा मास्तर! इथं पाय थांबवता थांबत नाही, मग माझा कोट दोन महिने एका बाहीवर का थांबलाय?'

काठ्या गुपचूप काखेत मारल्या आणि म्हटलं, 'परवा नक्की देतो, बाई!'